फडक्यासाठी पाठवलेले पाच स्कर्ट

प्रिय टाचणी,

अक्षर ओळखलंस का? वहीत मापं लिहिण्यापलीकडे या हातानं कित्येक वर्षांत काही लिहिलेलं नाही, तेव्हा ओळी खालीवर झाल्या तर सांभाळून घे. छाती, कंबर, उंची, बाही, एवढंच लिहायची सवय. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय आणि कटिंगच्या टेबलावर मांडी घालून बसलोय. तुझी आई वर आहे. तिला वाटतंय, मी बँडवाल्यांच्या कोटांना काजं करतोय. सतरा कोट आहेत, लाल, सोनेरी गोंड्यांचे, त्यामुळे तिला संशय यायचं कारण नाही.

घरचं सगळं ठीक. आईचा डावा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. समोरच्या चष्मेवाल्यानं दुकानाला पिवळा रंग दिलाय, इतका पिवळा की गिऱ्हाईकाचे डोळे तपासायच्या आधीच दिपतात. तुझं स्टूल अजून मशीनपाशीच आहे. त्यावर बसून तू लोहचुंबकानं जमिनीवरच्या टाचण्या गोळा करायचीस आणि एखादी मुद्दाम माझ्या पायाला टोचायचीस. तेव्हापासून तू टाचणी. शाळेतलं नाव मला हाक मारताना कधी आठवलंच नाही.

दर आठवड्याला तुझा फोन येतो तेव्हा मी खाली मशीन चालवत असतो. तो आवाज तुला ऐकू जात असणार. आई तुला सांगते, बाबांना आज घाई आहे. खरं सांगू? त्यातल्या निम्म्या वेळा सुईत दोरा नसतो. नुसते पाय हलवत असतो. आज चौदा महिने झाले.

त्या दुपारची गोष्ट आपण दोघांनीही पुन्हा काढली नाही. तू कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर त्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या प्रार्थनेला जायला लागलीस, मग त्यांचीच झालीस, इथपर्यंत मी दातओठ खात का होईना, गप्प होतो. पण दीड वर्ष घर सोडून, अनोळखी गावात, अनोळखी माणसांची दारं वाजवत देवाचं सांगत फिरायचं, हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. आणि तू तर त्यांच्या कपड्यांची यादीच घेऊन खाली आलीस. स्कर्ट पोटऱ्यांपर्यंत, घट्ट नको, चीर नको, झिरझिरीत नको. गळा खोल नको. हात वर केले, वाकलं, बसलं तरी अंग झाकलेलं राहिलं पाहिजे. भडक रंग नको, खुळखुळणारे दागिने नकोत. पँटसुद्धा चालतात, पण मला स्कर्टच शिवून द्या, असंही तू म्हणालीस. शिवून द्या! केवढ्या विश्वासानं यादी माझ्यासमोर ठेवली होतीस. मी मान वर न करता म्हणालो, लोकांच्या दारात उभं राहायचे कपडे माझ्या मशीनवर शिवले जाणार नाहीत. तू यादीची घडी घातलीस, बरं बाबा म्हणालीस आणि जिना चढून गेलीस. दुसऱ्या दिवशी आई तुला तयार कपड्यांच्या दुकानात घेऊन गेली. शिंप्याची मुलगी बाजारातले कपडे घालून घराबाहेर पडली. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, याचीच मला जास्त चिंता होती. तू कुठे राहशील, काय खाशील, ती चिंता नंतर आली.

आता मुद्द्याचं. महिन्याभरापूर्वी तिकडे तुझ्याबरोबर दारोदार फिरणारी तुझी जोडीदारीण आली होती, ती उंच मुलगी. तिचं दीड वर्ष पुरं झालं होतं, घरी निघाली होती आणि पुढच्या बसला तीन तास अवकाश होता. तू दिलेलं गाठोडं तिनं आईच्या हातात ठेवलं. वर तुझी चिठ्ठी होती, हे आता घालण्यासारखे राहिले नाहीत, फडक्यांना होतील. आईनं त्या मुलीला वर नेऊन जेवायला बसवलं आणि गाठोडं मला देऊन म्हणाली, चौकोन कापून द्या, ओटा पुसायला होतील.

मी कात्री घेतली, टाचणी. खोटं कशाला बोलू? पहिला निळा स्कर्ट टेबलावर पसरला आणि कापायच्या आधी सवयीनं हात फिरवला. आमच्या हाताला ती खोड असते. मागच्या कडेजवळ बोटाला काहीतरी लागलं. चष्मा लावला, तरी दिसेना. दारात उजेडाला नेला, तेव्हा कळलं की रफू आहे. इतका बारीक की कापडाचा धागा कुठे संपला आणि तुझा कुठे सुरू झाला, ते मलाही शोधावं लागलं. आणि फाटलं कशानं, तर एका रांगेत चार भोकं आणि तिथून खाली ओढल्यासारखी चीर. कुत्रा. मला आठवलं, एकदा आईनं फोन ठेवल्यावर हसत सांगितलं होतं, टाचणी म्हणते, तिकडची माणसं कुत्र्यांवर फार प्रेम करतात.

मग मी कात्री बाजूला ठेवली आणि पाचही स्कर्ट उलटे करून टेबलावर मांडले. कपडा उलटा केला की खरं बोलायला लागतो.

काळ्याची बसायची जागा आरशासारखी चकाकत होती. सायकल. उजव्या कडेला साखळीचं तेल, धुऊन धुऊन तपकिरी झालेलं. पण कड हातात घेतली तर वजनदार लागली. तुरपाई दोन टाके उसवून पाहिली, आत लोखंडाच्या छोट्या चकत्या. सात. प्रत्येक चकती वेगळ्या घरात शिवलेली, म्हणजे एकमेकींवर वाजू नये. वाऱ्यानं स्कर्ट उडू नये, गुडघा उघडा पडू नये म्हणून! ही युक्ती मी नाटकवाल्यांच्या झग्यांना करायचो. तू तेव्हा सहा-सात वर्षांची असशील, चकत्या मोजून माझ्या हातात द्यायचीस. मी तुला कधी शिकवलं नाही. तू बघत होतीस.

करड्याच्या गुडघ्यांवर दोन लांबट डाग होते, डाग म्हणजे कापडच विरलेलं, मागे हात धरला तर बोटं दिसावीत असं. मला वाटलं, प्रार्थनेला गुडघे टेकून टेकून झालं असेल. पण आजूबाजूला पांढरे ठिपके होते, फरशी धुवायच्या पाण्याचे. प्रार्थना करताना ते उडत नाही. कुणाची तरी फरशी माझी मुलगी गुडघ्यांवर बसून घासत होती, आणि तीही त्याच स्कर्टमध्ये, अंग झाकलेलं ठेवून.

तपकिरी उलटा केला आणि मी खुर्ची ओढून बसलो. कंबर दोनदा आत घेतलेली. पहिल्यांदा एक इंच, नंतर आणखी दीड. अडीच इंच, टाचणी! फोनवर तू म्हणायचीस, मी इथं चांगली गुटगुटीत झालेय. टाके तुझेच, प्रत्येक टाका मागे वळून घेतलेला, गाठ अस्तराखाली लपवलेली. आणि आतलं जास्तीचं कापड, आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो, तू कापलं नव्हतंस. नीट दुमडून, टाचून ठेवलं होतंस, पुन्हा सोडता यावं म्हणून. बाजारच्या कपड्यांच्या शिवणीत माया नसते, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. त्या बाजारच्या स्कर्टात माया तू ठेवलीस.

पाचवा हिरवट. त्याची एका बाजूची शिवण उसवून परत घातली होती, आणि ती तुझ्या हातची नव्हती. लांब लांब टाके, कुठे दाट, कुठे विरळ, टीप नदीसारखी वळत गेलेली. तुला वाकडी टीप सहन होत नाही. पाचवीत असताना तू बाईंच्या साडीचा फॉल वर्गातच उसवायला निघाली होतीस. मग ही शिवण दुसऱ्या कुणाला तू का घालू दिलीस? एकच कारण असू शकतं. तेव्हा तुझा हात चालत नव्हता.

तो स्कर्ट तसाच हातात घेऊन मी वर गेलो. ती उंच मुलगी जेवत होती. मी म्हटलं, ही टीप तुझी ना? ती लाजली. म्हणाली, हो काका, मला शिवता येत नाही. मी म्हटलं, ते दिसतंच आहे, पण हिच्या हाताला काय झालं होतं? तिच्या हातातला घास तसाच राहिला. तुझ्या आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. उभ्या गाडीचं दार कुणीतरी न बघता उघडलं, तू सायकलसकट त्यावर आदळलीस, उजवं मनगट मोडलं. अडीच महिने प्लास्टर. एक दिवस सोडला तर रोज बाहेर पडलीस, डाव्या हातानं दारं वाजवलीस. तुम्ही एकमेकींना सिस्टर म्हणता, हेही तेव्हाच कळलं. ती म्हणाली, रोज सकाळी सिस्टरच्या ब्लाउजची बटणं मी लावायचे, तरी त्या आरशात बघून म्हणायच्या, गळ्याचं वरचं राहिलं. आणि ती फरशीची गोष्टही तिनंच सांगितली. एक म्हातारी बाई, अंथरुणाला खिळलेली, तुम्ही दोघी दर आठवड्याला तिचं घर धुऊन यायचात. तिनं देवाधर्माचा एक शब्द कधी ऐकून घेतला नाही. माझ्यासमोर ते तुमचं धर्माचं पुस्तक उघडायचं नाही, अशी अट घातली होती. आणि तुम्ही सात महिने पुस्तक पिशवीत ठेवून नुसती फरशी घासत राहिलात.

आईनं विचारलं, आम्हाला का नाही कळवलं? ती मुलगी म्हणाली, सिस्टर म्हणायच्या, आईला झोप लागणार नाही. आणि बाबा? मी विचारलं. तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, बाबा म्हणतील, मी सांगितलं होतं.

मी खाली आलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलो. तू बरोबर ओळखलं होतंस मला. मी तेच म्हणालो असतो.

आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. आत्ताच्या आत्ता फोन लावा, तिला बोलावून घ्या, मी पोरगी कुत्र्यांच्या तोंडी द्यायला वाढवली नाही. मी हो-हो म्हणत राहिलो, तू स्वतः सांगेपर्यंत फोनवर काही काढायचं नाही असं तिला विनवलं आणि फोन काही लावला नाही. का लावला नाही, ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. ते पाच स्कर्ट टेबलावर तसेच होते. गिऱ्हाईक आलं की घडी घालायचो, गेलं की पुन्हा उघडायचो. चाळीस वर्षं मी हे काम करतोय. नवरदेवांचे सूट शिवलेत, वकिलांचे डगले शिवलेत, या बँडवाल्यांचे गोंडे शिवतोय. माझ्या हातून गेलेले सगळे कपडे मिरवायला गेले. कपडा असा झिजलेला मी कधी पाहिला नव्हता. एवढं चालणं, एवढं वाकणं, आणि तरी कुठे एक बटण तुटकं नाही, एक कड लोंबत नाही. माझ्या अंगावर काटा आला. आपल्या मुलीचे कपडे बघून बापाच्या अंगावर काटा यावा, याला काय म्हणायचं?

पुढे आणखी एक गोष्ट केली, ती तुला सांगायलाच हवी. आपल्या गावातही तुमच्यातल्या दोघी आहेत, तशाच स्कर्टातल्या, छातीवर नावाच्या तशाच छोट्या काळ्या पाट्या लावलेल्या. तू गेल्यावर दोनच महिन्यांनी त्या आपल्या दुकानात आल्या होत्या. मी त्यांना पायरीही चढू दिली नाही. गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, आमच्या घरातली एक नेलीत तेवढी पुरे. त्यांनी मान लववली, धन्यवाद म्हणाल्या आणि गेल्या. हे आईलासुद्धा माहीत नाही.

त्या उंच मुलीला बसमध्ये बसवून दिल्यावर चार दिवसांनी मी त्यांना शोधत गेलो. प्रार्थनेच्या जागी पोहोचायच्या आधी त्या मला रस्त्यातच दिसल्या, पलीकडच्या फुटपाथवर. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबलो. त्या एका दारापाशी उभ्या होत्या. धाकटीनं थोरलीची कॉलर सरळ केली, थोरलीनं धाकटीच्या छातीवरची पाटी नीट केली, मग दार वाजवलं. दार उघडलं, बंद झालं. पुढचं दार. पुन्हा कॉलर, पुन्हा पाटी. पुन्हा बंद. अख्खी गल्ली मी त्यांच्या मागे मागे चाललो, चोरासारखा. चौदा दारं. एका माणसानं तर खिडकीतूनच हातवारे केले. पण प्रत्येक दारासमोर त्या अशा उभ्या राहायच्या, जणू आत कुणी राजा बसलाय आणि ही पहिलीच भेट आहे. पंधराव्याला एका बाईनं आत घेतलं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. पाय दुखत होते माझे, टाचणी, आणि मी फक्त एक गल्ली चाललो होतो.

त्या बाहेर आल्या तेव्हा मी पुढे झालो. त्यांनी मला ओळखलं. थोरली हसून म्हणाली, काका, दुकानात काही काम आहे का? मी म्हटलं, काम नाही, माफी मागायची आहे. आणि एक विचारायचं आहे. एवढं मापून, एवढं झाकून, असे साधे कपडे कशाला घालता? देवाला तुमचा स्कर्ट किती इंची आहे, त्याचं काय पडलंय? थोरली काही बोलणार होती, पण धाकटी, दूधवाल्याची मुलगी आहे ती, म्हणाली, काका, मला घरी नटायला भारी आवडायचं. इथं आले तेव्हा पहिला महिना आरशात बघून रडत होते. मग एकदा एका बाईनं दार उघडलं. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. पाटीवरचं येशूचं नाव वाचलं आणि म्हणाली, याला सांगा, माझा मुलगा गेलाय. आम्ही दोन तास तिच्याजवळ बसलो. मी कशी दिसतेय ते तिला नंतरही आठवलं नसेल. कपडे गप्प होते म्हणून ती बोलू शकली.

कपडे गप्प होते! मी अख्खं आयुष्य कपड्यांना बोलायला लावण्यात घालवलं, आणि एकवीस वर्षांच्या पोरीनं भर रस्त्यात मला हे सांगितलं.  त्यांच्या दोघींच्या कोटांची अस्तरं फाटलेली दिसत होती, ती घेऊन या म्हटलं. त्या आल्या. आईनं मला अस्तर बदलताना पाहिलं, कोट कुणाचे ते ओळखलं आणि वर गेली. थोड्या वेळानं चहाचे चार कप घेऊन खाली आली. त्यातला एक माझा, एक तिचा. त्या दोघींनी त्यांच्या धर्मात चहा चालत नाही म्हणून हात जोडले, तर पुन्हा वर जाऊन दूध गरम करून आणलं. गुडघा बोलत असताना.

गैरसमज नको. तुझा धर्म मला अजून कळत नाही, कळेल असंही वाटत नाही. पण परवा दुपारी पोस्टमन आला. माझ्या नावाचं पत्र, तुझ्या अक्षरात, आणि अक्षर डावीकडे कललेलं. चारच ओळी. मनगटाचं हाड वाकडं जुळलंय, पुन्हा फोडून जुळवावं लागणार. तुमच्या तिथल्या प्रमुखांनी तुझ्यावर सोपवलंय, आत्ता घरी गेलीस तर सेवा पूर्ण झाली असंच धरतील, कुणी कमी लेखणार नाही. नाहीतर तिथंच उपचार, सहा आठवडे विश्रांती आणि मग उरलेले दोन-तीन महिने. आणि शेवटची ओळ, बाबा, जाताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं, म्हणून आता विचारते, तुम्ही म्हणाल तसं करीन. टाचणी, चौदा महिने मी या वाक्याची वाट बघत होतो. खिशात उत्तर तयार होतं, ये. आता ते हाताला लागत नाही. तर ऐक. आधी हात. चांगला डॉक्टर बघ, घाई करू नकोस, सहा म्हणजे सहा आठवडे बस, त्यात बापाशी लबाडी नको. आणि मग उरलेलं पूर्ण करून ये. अर्धवट काम आपल्या दुकानातून बाहेर जात नाही. हे पत्र पेटीत टाकून मी वर जाणार आहे आणि आईला सांगणार आहे, मग माझं जे व्हायचं ते होवो. ती आठवडाभर बोलणार नाही, पण तुझ्या शेवटच्या दिवशी गाडीत माझ्या शेजारी ती असेल, कारण दुकान बंद करून आम्ही दोघं तुला न्यायला येतोय. लगेच निघायचं नाही. एक दिवस तिथं राहायचं, आणि ज्या ज्या दारांवर तू गेलीस ती मला दाखवायची, उघडली तीही आणि नाही उघडली तीही. मला दार वाजवता यायचं नाही. पण तू वाजवशील तेव्हा मी तुझ्या मागे, कॉलर सरळ करून उभा राहीन.

तुझाच,
बाबा